प्रॉस्पेक्टची टोपली कशी तपासायची: फँटसी हॉकीच्या ड्राफ्टनंतरचा हिशेब

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या फँटसी हॉकी लीगचा प्रॉस्पेक्ट ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने उगवते खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला. बारा संघ, प्रत्येकाला चार पोरं. संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी लीगमधल्या एका वहिनींचा फोन आला. "भावजी, माझी चार पोरं पाहिलीत ना? दहापैकी किती द्याल? खरं सांगा हं, माझं मन राखू नका."

त्यांची चार पोरं म्हणजे मात्वेई मिचकोव्ह, झॅक बेन्सन, लेन हटसन आणि गोली (गोलरक्षक) यारोस्लाव्ह अस्कारोव्ह. मी लगेच आकडा दिला नाही, दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत वहीत ज्या क्रमाने हिशेब मांडला, तोच क्रम इथे लिहितो आहे. इकडे कॅनडात मिसिसागाला माझ्या ओळखीतली बरीच मराठी मंडळी हिवाळाभर हा खेळ मन लावून खेळतात, मुख्य संघ उत्तम निवडतात, पण प्रॉस्पेक्टचा विषय निघाला की नावावर जातात. नाव ही शेवटी बघायची गोष्ट आहे. त्याआधी वय, काळ आणि आपल्या लीगचे नियम.

नव्याने आलेल्यांसाठी थोडंसं. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगची, एनएचएलची. खऱ्या खेळाडूंचा आपण संघ बांधायचा, त्यांनी खऱ्या सामन्यांत केलेले गोल, असिस्ट (गोलआधीचे पास), शॉट वगैरे आपल्या खात्यात जमा होतात. गोल किंवा असिस्ट म्हणजे एक पॉइंट. एकाच हंगामाची लीग असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. डायनेस्टी किंवा कीपर लीगमध्ये मात्र खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात. तिथे एनएचएलच्या बर्फावर अजून पाऊलही न ठेवलेली अठरा-वीस वर्षांची पोरं आधीच राखून ठेवता येतात, तीच प्रॉस्पेक्ट. एनएचएलचा स्वतःचा ड्राफ्ट जूनअखेर होतो: ३२ संघ, ७ फेऱ्या, २२४ नावं. त्यातली बहुतेक एनएचएलमध्ये कधी स्थिरावत नाहीत, हे पहिल्यापासून गृहीत धरूनच हिशेबाला बसायचं.

पहिली पायरी: नियम समोर ठेवा

कोणाचीही टोपली तपासण्याआधी त्या लीगचा नियमांचा कागद उघडा. गोल, असिस्ट, पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट, शॉट, हिट (धडका), ब्लॉक (अंगावर अडवलेले शॉट) यांतलं काय मोजलं जातं? प्रॉस्पेक्टच्या जागा किती? किती एनएचएल सामन्यांनंतर पोरगा प्रॉस्पेक्ट राहत नाही आणि त्याला मुख्य संघात जागा द्यावी लागते? शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. पोरगा वर्षभर चौथ्या फळीत सात-आठ मिनिटं खेळत राहिला तर त्याचे सामने भरतात, पॉइंट मात्र येत नाहीत, आणि तुमची मुख्य जागा तो अडवून बसतो.

खरी हॉकी आणि फँटसी हॉकी यांतला फरकही इथेच ओळखायचा. कॅरोलायनाचा जेकब स्लेव्हिन हा वर्षानुवर्षं उत्तम बचावपटूंत गणला जातो. ज्या संघात तो आहे त्या संघाला त्याची किंमत विचारा! पण फक्त गोल-असिस्ट मोजणाऱ्या लीगमध्ये तो तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. उलट ब्रेडी ट्काचक शॉट, हिट आणि पेनल्टीची मिनिटं मोजणाऱ्या लीगमध्ये सोन्यासारखा आहे. स्काउट, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणारी मंडळी, जे अहवाल लिहितात ते खऱ्या संघासाठी असतात. 'दोन्ही बाजूंनी जबाबदार खेळ' असं वाचलं की तुमच्या लीगमध्ये त्या जबाबदारीचा रकाना आहे का, हे आधी पाहा.

दुसरी पायरी: जन्मतारीख

एनएचएल ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत पोराला १८ पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधली दोन पोरं वयाने जवळजवळ वर्षभराच्या अंतराची असू शकतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांच्या फरकाने त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला, मग तो एक हंगाम स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला खेळला आणि २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. दुसऱ्या टोकाला मॅथ्यू शेफर, जन्म ५ सप्टेंबर २००७. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला पहिला उचलला तेव्हा तो त्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहान पोरांपैकी होता. सतराव्या-अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय, हे घरात त्या वयाचा मुलगा असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. उंची, ताकद, समज, सगळंच बदलतं.

माझ्या वहीतली एक जोडी इथे देतो, कारण वयाचं महत्त्व मला तिनेच शिकवलं.

पहिला अर्शदीप बैन्स. सरी, ब्रिटिश कोलंबियातला पंजाबी घरातला मुलगा. एनएचएल ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलंच नव्हतं. २०२१-२२ मध्ये रेड डीअरकडून त्याने डब्ल्यूएचएल या कॅनडातल्या ज्युनिअर लीगमध्ये ६८ सामन्यांत ११२ पॉइंट केले आणि लीगमध्ये पहिला आला. एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने त्याला करारबद्ध केलं, आणि आपल्याकडच्या सगळ्या घरांत, मराठी काय नि गुजराती काय, आनंदाची लाट आली. त्या उन्हाळ्यात, माझ्या आधीच्या एका लीगमध्ये, मी दुसऱ्या फेरीत बैन्स घेतला.

दुसरा झॅक बेन्सन, वहिनींच्या टोपलीतला. २०२२-२३ मध्ये विनिपेग आइसकडून त्याच डब्ल्यूएचएलमध्ये ६० सामन्यांत ९८ पॉइंट.

सामन्यामागे काढा: बैन्स १.६५, बेन्सन १.६३. लीग तीच, वेग तोच. आता जन्मतारखा. बैन्स ९ जानेवारी २००१ चा, म्हणजे त्या हंगामात त्याने एकविसावं पूर्ण केलं. बेन्सन १२ मे २००५ चा, म्हणजे अख्खा नियमित हंगाम तो सतरा वर्षांचा होता. एकजण आपल्याहून लहान पोरांत खेळत होता, दुसरा आपल्याहून मोठ्यांत. बेन्सन त्याच वर्षी अठराव्या वर्षी एनएचएलच्या बफेलो संघात गेला. बैन्सने एनएचएलचा पहिला सामना खेळला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेविसाव्या वर्षी. बैन्सच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. मॅनी मल्होत्रांच्या प्रशिक्षणाखाली त्याच्या ॲबट्सफर्ड संघाने २०२५ मध्ये एनएचएलच्या खालच्या लीगचा, एएचएलचा, काल्डर कप जिंकला, तेव्हा इथल्या कितीतरी देशी मुलांना आपलं कोणीतरी तिथे आहे असं वाटलं, ही मोठी गोष्ट आहे. पण फँटसीतली दुसऱ्या फेरीची जागा त्याच्या वयाला परवडणारी नव्हती. चौथ्या-पाचव्या फेरीत घेतला असता तर निवड बरोबर ठरली असती.

तेव्हा टोपली हातात आली की प्रत्येक नावापुढे पहिल्यांदा जन्मतारीख लिहा. अठराव्या वर्षाचा हंगाम आणि विसाव्या वर्षाचा हंगाम एका तागडीत घालू नका. ज्युनिअर लीगमध्ये विसाव्या वर्षी अचानक फुललेला पोरगा दिसला तर सतराव्या-अठराव्या वर्षी त्याने काय केलं होतं ते शोधून काढा.

तिसरी पायरी: लीगचं भाषांतर

पोरं वेगवेगळ्या ठिकाणी खेळतात. कॅनडातल्या ज्युनिअर लीग (ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्वेबेकची लीग), अमेरिकेतली कॉलेजं, स्वीडनची एसएचएल, रशियाची केएचएल, एनएचएलच्या खालची एएचएल. या सगळ्यांतले पॉइंट एका मापाने मोजायला 'एनएचएल समतुल्य' नावाचा हिशेब आहे. त्या लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्यांचे पॉइंट सरासरी किती उतरले, त्यावरून प्रत्येक लीगला एक गुणक देतात. मोजणाऱ्यागणिक गुणक थोडे बदलतात. मी कामापुरते असे धरतो: केएचएल ०.७५, एसएचएल ०.५५, एएचएल ०.४५, कॉलेज ०.४, ओएचएल आणि डब्ल्यूएचएल ०.३, क्वेबेक त्याहून किंचित कमी.

रीत सोपी. पॉइंट भागिले सामने, गुणिले ८२, गुणिले गुणक. (२०२६-२७ पासून एनएचएलचा हंगाम ८४ सामन्यांचा आहे. पण आपल्याला तुलनाच करायची असल्याने सगळीकडे एकच आकडा धरा म्हणजे झालं.)

कॉनर बेडार्ड, रेजायना, २०२२-२३: ५७ सामन्यांत १४३. सामन्याला २.५१, ८२ ने गुणून २०६, त्याचे ०.३ म्हणजे ६२. शिकागोकडून पहिल्या हंगामात त्याने ६८ सामन्यांत ६१ केले. जबड्याचं हाड मोडून मधले सामने बुडले नसते तर त्या वेगाने ७४ झाले असते. मॅक्लिन सेलेब्रिनी, बॉस्टन विद्यापीठ, २०२३-२४: ३८ सामन्यांत ६४, हिशेबाने ५५. सॅन होजेकडून पहिल्या वर्षी ७० सामन्यांत ६३, म्हणजे तोही ७४ चा वेग. आता बेन्सनचा हिशेबाचा आकडा ४०, आणि बफेलोत पहिल्या वर्षी ७१ सामन्यांत ३०, म्हणजे ३५ चा वेग.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. असामान्य पोरं या आकड्याच्या वर जातात, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून पहिली फळी आणि पॉवर प्ले मिळतो. बाकीच्यांना मिनिटं कमी मिळतात आणि आकडा पहिल्या वर्षी गाठलाच जातो असं नाही. शिवाय गुणक काढले जातात ते वर पोचलेल्यांवरून. जे पोचलेच नाहीत ते त्यात नसतात. म्हणून या आकड्याला भविष्य समजू नका, दोन वेगळ्या लीगमधली पोरं शेजारी उभी करायला वापरा.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधली पोरं अमेरिकन कॉलेजांत खेळू शकतात. गॅव्हिन मकेना मेडिसिन हॅटचा ज्युनिअर संघ सोडून पेन स्टेटला गेला तो याच वाटेने. चांगली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं ज्युनिअरमधून निघून कॉलेजात गेली की दोन्हीकडचा दर्जा हलतो. जुने गुणक डोळे मिटून वापरू नका.

चौथी पायरी: पॉइंटच्या आत डोकवा

शंभर पॉइंट म्हटलं की डोळे दिपतात. ते कसे आले ते बघा. पॉवर प्लेवर किती, दोन्हीकडे सारखे खेळाडू असताना किती? असिस्टमध्ये शेवटचा पास त्याचा होता की त्याच्या आधीचा? सामन्यामागे शॉट किती? मी शॉटवर सर्वांत जास्त भरवसा ठेवतो. गोल नशिबाने दुप्पट होतात नि निम्मेही होतात. भरपूर शॉट मारणारा पोरगा मात्र पुढच्या वर्षीही भरपूर शॉट मारतो. तीस गोल केलेत पण सामन्याला दोनच शॉट आहेत, असं दिसलं तर थांबा.

जोडीदारांबद्दलची शंकाही इथेच फेडायची, पण जपून. ॲलेक्स डेब्रिन्कॅट ईरीकडून ओएचएलमध्ये पहिल्याच हंगामात ५१ गोल करून गेला तेव्हा संघात कॉनर मॅकडेव्हिड आणि डिलन स्ट्रोम होते. अंगाने लहान, वर असे जोडीदार. 'दुसऱ्यांच्या जिवावर' अशी त्याची संभावना झाली आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३९ वा गेला. मॅकडेव्हिड एनएचएलला निघून गेल्यावरच्या हंगामात त्याने पुन्हा ५१ गोल केले होते. ही माहिती तेव्हा सगळ्यांसमोर होती. त्यापुढच्या वर्षी ६५, आणि २०१८-१९ मध्ये शिकागोसाठी ४१. जोडीदार गेल्यावर काय झालं हे तपासल्याशिवाय कोणावर जोडीदाराचा शिक्का मारू नका.

पाचवी पायरी: वाट किती लांब

पोरगा गुणी आहे हे ठरलं. आता तो कधी येणार?

कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या पोराची अडचण अशी, की साधारण विसाव्या वर्षापर्यंत त्याला एएचएलमध्ये पाठवता येत नव्हतं. एक तर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या नव्या करारामुळे २०२६-२७ पासून प्रत्येक संघाला एकोणीस वर्षांच्या एका पोरासाठी ही सूट मिळाली आहे. एका संघाकडे अशी तीन पोरं असतील तर सूट कोणाला मिळेल, हे आता तुम्हाला शोधावं लागेल. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने दहावा एनएचएल सामना खेळला की त्याच्या पहिल्या कराराचं वर्ष जळतं, म्हणजे खर्ची पडतं. म्हणून ऑक्टोबरअखेर नऊ सामन्यांवर संघ काय करतो ते नीट पाहा, त्यातून संघाचं मन कळतं.

रशियातल्या पोरांचा करार बघा. किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये १३५ वा ड्राफ्ट झाला आणि मिनेसोटात आला २०२०-२१ मध्ये. आला तो ५५ सामन्यांत ५१ पॉइंट करून सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. ज्याने पाच वर्षं जागा अडवून धरली त्याचं सोनं झालं, पण पाच वर्षं एक जागा रिकामी होती हाही त्या सोन्याचाच भाव.

आणि मग संघातली गर्दी. त्याच्या जागेवर पुढे कोण उभं आहे, त्यांचे करार किती वर्षांचे, पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीत जागा आहे का. हे एका रात्रीत बदलूही शकतं. कटर गोतिएला फिलाडेल्फियाने २०२२ मध्ये पाचवा निवडला होता, त्याला तिथे खेळायचंच नव्हतं, जानेवारी २०२४ मध्ये तो ॲनाहाइमला गेला. त्यामुळे गर्दीला मी वयापेक्षा आणि गुणांपेक्षा कमी वजन देतो.

सहावी पायरी: गोली आणि बचावपटू वेगळ्या वहीत

बचावपटू आघाडीपटूंपेक्षा उशिरा पिकतात, आणि पॉवर प्लेची पहिली तुकडी मिळाली तरच फँटसीत उपयोगी पडतात. संघात एकच जागा, त्यामुळे चांगला बचावपटू असणं पुरत नाही.

गोलींचं तर सगळं उलटंच. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा. इगोर शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८ वा, एनएचएलमध्ये पहिला सामना जानेवारी २०२० मध्ये. डस्टिन वुल्फ २०१९ मध्ये २१७ पैकी २१४ वा, आणि २०२४-२५ मध्ये कॅल्गरीचा मुख्य गोली. म्हणून गोलीवर वरची फेरी घालवू नका. खालच्या फेरीत, तेवीस-चोवीसच्या आसपासचा, एएचएलमध्ये दोन वर्षं घातलेला घ्या.

सातवी पायरी: त्या जागी दुसरं कोण होतं

कुठलीही निवड एकटी चांगली किंवा वाईट नसते. तुमची पाळी आली तेव्हा यादीत कोण शिल्लक होतं, याच्याशी तिची तुलना. मी ड्राफ्टच्या आधी दोन-तीन जाणत्यांच्या याद्या घेऊन सरासरी क्रम लावतो आणि तो कागद बाजूला ठेवतो. सहाव्या जागी घेतलेला पोरगा माझ्या कागदावर चौथा असेल तर फायदा, पंधरावा असेल तर त्याने कारण सांगायला हवं. कारण सबळ असेल तर पंधराव्यालाही मी पूर्ण गुण देतो; 'आमच्या लीगमध्ये हिट मोजतात' हे सबळ कारण आहे, 'यूट्यूबवर गोल पाहिला' हे नाही. मात्र कागद ड्राफ्टच्या आधीचाच हवा. दोन वर्षांनी निकाल हातात घेऊन क्रम लावणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसणं.

आठवी पायरी: टोपली एकत्र बघा

इथवर एकेक पोरगा झाला. आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, जो मी वहिनींना तिसऱ्या दिवशी फोनवर पहिल्यांदा विचारला: "वहिनी, आधी हे सांगा, कप कधी हवाय?"

"दोन वर्षं तळाला राहिले तरी चालेल. तिसऱ्या वर्षी हवा."

म्हणजे २०२५-२६. त्यांच्या मुख्य संघात बहुतेक जण बावीस-चोविशीतले, फक्त गोली तेहेतिशीचा. आता टोपली त्या वर्षाशी ताडून बघता येते. प्रत्येक पोरापुढे मी तीनच आकडे लिहितो: जमलं तर एका हंगामात किती पॉइंट, कोणत्या हंगामापासून, आणि अशा दहा पोरांपैकी किती तिथवर पोचतील असं मला वाटतं. तिसरा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. तुम्ही तुमचा लिहा, पण लिहा.

मिचकोव्ह, सहाव्या क्रमांकावर. आदल्या हंगामात सोचीकडून केएचएलमध्ये २७ सामन्यांत २० पॉइंट, अठराव्या वर्षी, प्रौढांच्या लीगमध्ये, दुबळ्या संघात. हिशेबाने ४६. त्या वयात केएचएलमध्ये असं फार कमी पोरांनी केलं आहे. पण सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएशी त्याचा करार २०२६ पर्यंत होता, आणि त्याच भीतीने खऱ्या ड्राफ्टमध्येही तो सातव्या जागेवर फिलाडेल्फियापर्यंत घसरला होता. माझे आकडे: ८०, २०२६-२७, दहात सात. गुणांनी टोपलीतला सर्वांत मोठा, पण वहिनींच्या कपाच्या वर्षानंतर येणारा. त्या जागी विल स्मिथ शिल्लक होता, जो लवकर आला असता. मी तरी मिचकोव्हच घेतला असता, कारण एवढी उंची सहाव्या जागी पुन्हा मिळत नाही. पण काळाचा एक गुण कापला.

बेन्सन, एकोणिसावा. ६०, २०२५-२६, दहात सहा. वय उत्तम, काळ जुळणारा, भाव रास्त. यावर मी फार वेळ घालवला नाही.

हटसन, तिसावा. ही निवड मला सर्वांत आवडली आणि सर्वांत जास्त भीतीही हिचीच वाटली. २०२२ मध्ये माँट्रियालने त्याला ६२ वा घेतला, कारण अंगाने अगदी लहान. आपली वाढ अजून बाकी आहे असं डॉक्टरांचं पत्र घेऊन तो ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना गेला होता. बॉस्टन विद्यापीठात पहिल्याच वर्षी ३९ सामन्यांत ४८ पॉइंट, तेही बचावपटू असून! हिशेबाने ४० च्या आसपास. माझे आकडे: ५५, २०२५-२६, दहात चार. लहान चणीच्या बचावपटूला पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीशिवाय फँटसीत अर्थ नाही, पण ती जागा मिळाली तर अशा पोराच्या तोडीचा दुसरा नाही. तिसाव्या जागी दहात चारची संधी पुष्कळ झाली.

अस्कारोव्ह, त्रेचाळिसावा. २०२० च्या ड्राफ्टमधला अकरावा, एएचएलमध्ये मिलवॉकीत एक हंगाम झालेला. नॅशव्हिलमध्ये पुढे यूसे सारोस भिंतीसारखा उभा. पण वहिनींचा गोली तेहेतिशीचा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी जागा रिकामी होणारच. चौथ्या फेरीत हीच गरज भागवायला हवी होती आणि त्यांनी ती भागवली. दहात पाच.

पूर्ण टोपलीकडे पाहिलं तर एक उणीव दिसली: हिट आणि ब्लॉक देणारं कोणीच नाही. याचे मी गुण कापले नाहीत. हिट देणारे खेळाडू हंगामात कोणाच्याही संघाबाहेर पडलेले सापडतात. त्यासाठी प्रॉस्पेक्टची जागा खर्च करणं मला पटत नाही. काळ मात्र नीट विभागला होता: दोघं कपाच्या वर्षाला, एक गोली त्याच सुमाराला, एक नंतरच्या वर्षांसाठी. चारही पोरं २०२६-२७ ला येणारी असती तर मी दहात पाच दिले असते. आठ दिले.

"आठच? हटसनचे कापलेत ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही, मिचकोव्हचा एक, उशिरा येईल म्हणून. आणि एक बेन्सन नि हटसन यांच्यामध्ये तुम्ही दहा नावं जाऊ दिलीत, त्यांतलं एक मला वर हवं होतं. हटसनचा कापलेला नाही."

पुढे काय झालं ते हॉकी बघणाऱ्यांना ठाऊक आहे. मिचकोव्हचा रशियातला करार दोन वर्षं आधीच सुटला, तो २०२४-२५ मध्ये फिलाडेल्फियात आला आणि ८० सामन्यांत ६३ पॉइंट केले. हटसनने त्याच हंगामात ८२ सामन्यांत ६६ पॉइंट केले, त्यांत ६० असिस्ट, नवोदित बचावपटूंच्या विक्रमाशी बरोबरी, आणि काल्डर ट्रॉफी. अस्कारोव्हला २०२४ च्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलने सॅन होजेला दिला; सारोसची भिंत आपोआप बाजूला झाली. वहिनींनी मला फोन करून विचारलं, आता दहा द्याल का. मी वहीतले आठ तसेच ठेवले. मिचकोव्ह लवकर येईल हे त्या दिवशी कोणालाच दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी जे दिसत होतं त्यावरच ते गुण होते. हटसनच्या 'दहात चार'मध्येही बदल केला नाही, कारण तशी दहा पोरं पुन्हा समोर आली तर मी पुन्हा चारच लिहीन.

कधी पुन्हा उघडायची ही वही

वर्षातून तीनदा पुरे. नोव्हेंबरअखेर, वीसेक सामने झाल्यावर, शॉट आणि मिनिटं बघायला. हंगाम संपल्यावर. आणि जुलैत, नवा ड्राफ्ट झाल्यावर, कारण तुमच्या पोराच्याच जागेवर त्याच्या संघाने नवा पोरगा घेतला असेल तर वाट बदलते.

नाताळानंतर जागतिक ज्युनिअर स्पर्धा सुरू होते तेव्हा वही बंद ठेवा. सगळे डोळे तिथे असतात, आणि सहा-सात सामन्यांत कोणीही चमकतो किंवा झाकोळतो. २०२३ मध्ये बेडार्डने तिथे ७ सामन्यांत २३ पॉइंट केले, पण तो कोण आहे हे त्याआधीच सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात दुसऱ्यांचे भाव चढतात. तुमच्याकडचा एखादा पोरगा चढला आणि वयाने तो वीस-एकवीसचा असेल, तर देवाणघेवाणीचा फोन त्याच आठवड्यात करा. वहिनी आता दर जानेवारीत करतात, आणि फोन उचलण्याआधी मी समोरच्या नावाची जन्मतारीख काढून ठेवतो.